बोटीची नाळ खाली कशी आणायची?

गोव्यात डॉल्फिन बघायला समुद्रात गेलेल्या बहुतेकांनी ही गोष्ट अनुभवलेली असते. कोको बीच किंवा बेतीहून बोट निघते तेव्हा ती पाण्यावर सपाट असते. चालवणारा वेग वाढवतो आणि बोटीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, वर उठते. मागची बाजू पाण्यात बसते, पोरं आरडाओरडा करतात, एखादी आजी बाकाची कड घट्ट धरते. काही सेकंदांनी बोट ‘चढते’ आणि नाळ पुन्हा खाली येते. प्रवाशांना त्यात गंमत वाटते. मागे स्टिअरिंगवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तेवढ्या वेळात समोरचं पाणी दिसत नाही. त्याला दिसते ती नाळ आणि वरचं आकाश.

बोट नीट तोललेली असेल तर हा सगळा प्रकार चार-पाच सेकंदांत आटोपतो. पण काही बोटींची नाळ खाली यायला फार वेळ लागतो, आणि माणसं पूर्ण भरली असतील तर ती पुरती खाली येतच नाही. माझ्या मावसभावाची, म्हणजे दादाची, बोट अशीच झाली होती. २४ फूट लांब, ८ फूट रुंद, फायबरची, मागे ११५ हॉर्सपॉवरचं एक फोर-स्ट्रोक इंजिन. मोसमात तो तिच्यावर आठ-आठ माणसं घेऊन मांडवीच्या मुखापर्यंत आणि आग्वादच्या बाहेर फेऱ्या मारतो. घर त्यावर चालतं.

गेल्या मोसमात रेइश मागूशच्या समोर एक म्हातारा लहानशा होडीत बसून गरी टाकत होता. दादाची बोट वेग घेत होती, नाळ वर होती. पुढच्या बाकावरचा एक प्रवासी ओरडला म्हणून दादाने इंजिन तोडलं. लाटेने होडी जोरात हलली, म्हाताऱ्याने दोन शेलक्या शिव्या दिल्या आणि प्रसंग तेवढ्यावर निभावला. त्या रात्री दादाचा मला फोन आला. आमच्याकडे बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत, त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य होतं, “फुडें कितेंच दिसना रे.” दुसरं वाक्य असं, की एका विक्रेत्याने १५० हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यायला सांगितलंय आणि तो कर्जासाठी बँकेत जाणार आहे.

मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. बोट बांधायचं शिक्षण माझ्याकडे नाही. पण कुठलाही बिघाड दिसला की आधी शेवटचा बदल काय झाला ते बघायचं, ही सवय माझ्या धंद्याने लावली आहे. शेवटचा बदल असा निघाला की दादाने दोन वर्षांपूर्वी जुनं ७५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन काढून हे नवं लावलं होतं. ताकद वाढली, पेट्रोलचा वास गेला, आवाज कमी झाला. पण इंजिन पन्नासेक किलोंनी जड झालं, आणि तेही बोटीच्या अगदी शेवटच्या फळीवर टांगलेलं. त्यात भर म्हणून पेट्रोलची मोठी टाकी मागच्या बाकाखाली आली आणि दोन्ही बॅटऱ्याही तिथेच. बोट मागून बसत होती. तिच्या पाठीवर आणखी मोठं, आणखी जड इंजिन ठेवणं हा यावरचा इलाज आहे असं मला वाटेना.

बोट ‘चढते’ म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहू. हळू जाताना बोट पाण्यात तरंगत असते आणि पाणी बाजूला सारत पुढे जाते. वेग वाढला की ती स्वतःच तयार केलेल्या लाटेच्या चढावर अडकते. पुढे लाटेचा उंचवटा, मागे खळगा. नाळ वर होते ती याच वेळी. आणखी वेग आला की तळाखालचं पाणी बोटीला वर रेटतं आणि बोट पाण्यावरून घसरत धावू लागते. चपटा दगड पाण्यावर फेकल्यावर तो टप्पे खात जातो, तसंच काहीसं. या अवस्थेला सगळेजण ‘प्लेनिंग’ म्हणतात. मागे वजन जितकं जास्त, तितका तो मधला चढ ओलांडायला जड.

आमचे काका, म्हणजे दादाचे वडील, पूर्वी मासेमारीच्या होडीवर होते. त्यांचा उपाय ठरलेला. नाळेत रेंवेची दोन पोती टाकायची. उपाय चुकीचा मुळीच नाही. पुढे वजन गेलं की नाळ खाली येते. पण पोतं एकदा टाकलं की ते दिवसभर तिथेच असतं. सकाळी समुद्र शांत असताना चालतं, दुपारी वायव्येचा वारा सुटल्यावर मागून लाटा यायला लागल्या की तीच जड नाळ पुढच्या लाटेत रुतते. शिवाय शंभर किलो रेंव म्हणजे दीड प्रवासी फुकट वाहून नेणं. हवं तेव्हा टाकता येईल आणि नको तेव्हा नाहीसं करता येईल असं वजन मिळालं तर?

ट्रिम टॅब हे जवळजवळ तसंच काम करतात. बोटीच्या मागच्या उभ्या फळीच्या तळाशी, इंजिनाच्या डावीकडे आणि उजवीकडे, बिजागरीवर बसवलेल्या स्टीलच्या दोन आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या वर एक दांडा असतो, तो कधी तेलाच्या दाबाने तर कधी छोट्या मोटरने पुढे-मागे होतो. बेनेटचे तेलावर चालणारे आणि लेंकोचे विजेवर चालणारे असे दोन्ही प्रकार जगभर दिसतात. दांडा पट्टीला खाली ढकलतो, तळाखालून मागे सुटणारं पाणी त्या वाकलेल्या पट्टीवर आपटून खाली वळतं आणि त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून बोटीची पाठ वर उचलली जाते. पाठ वर, म्हणजे नाळ खाली. पट्टी पुन्हा वर घेतली की परिणाम संपला.

दादाच्या बोटीला असे टॅब होते. आधीच्या मालकाने बसवलेले, प्रत्येकी १२ इंच रुंद आणि ९ इंच लांब. (रुंद म्हणजे बोटीच्या आडव्या दिशेने, लांब म्हणजे बिजागरीपासून मागे.) दादा ते पूर्ण खाली दाबून चालवत होता आणि तरी नाळ वर. म्हणून त्याची समजूत झाली होती की टॅब ही नुसती शोभेची वस्तू. “आणि मोठ्या पट्ट्या लावल्या तर पाण्यात ब्रेक लावल्यासारखं होईल,” असंही त्याचं म्हणणं. ही समजूत त्याच्या एकट्याची नाही. जेटीवर ज्यांच्याशी बोललो त्या बहुतेक बोटवाल्यांचं हेच मत होतं, आणि वरवर पाहता ते पटण्यासारखंच आहे. मोठी फळी पाण्यात घातली तर अडथळा जास्त होणारच, नाही का?

इथे कागदावर हिशेब मांडून बघण्यात अर्थ होता, आणि त्यासाठीचं सूत्र जुनं आहे. न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल सवित्स्की यांनी १९६४ साली पाण्यावर धावणाऱ्या बोटींच्या तळाचं गणित प्रसिद्ध केलं. आजही लहान वेगवान बोटींचा आराखडा करणारे लोक तिथूनच सुरुवात करतात. पुढे १९७६ मध्ये त्यांनी वॉर्ड ब्राउन यांच्याबरोबर केलेल्या लेखात अशा पट्ट्यांमुळे किती उचल मिळते आणि किती अडथळा होतो, याची सोपी सूत्रं दिली. सूत्राचं सार एका ओळीत मावतं. उचल ही पट्टीची लांबी, रुंदी, वाकवलेला कोन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते.

आमच्या बोटीचे आकडे घातले. १५ नॉट वेग (ताशी सुमारे २८ किलोमीटर), १२ बाय ९ इंचांच्या दोन पट्ट्या, ५ अंश खाली वाकवलेल्या. उचल येते सुमारे १०० किलो. म्हणजे काकांची दोन पोती. आता पट्ट्या प्रत्येकी २४ इंच रुंद धरल्या, कोन तोच ५ अंश. उचल दुप्पट, सुमारे २०० किलो. यात नवल काही नाही.

नवल पुढे आहे. समजा २०० किलो उचल हवीच आहे. जुन्या पट्ट्यांनी ती मिळवायची तर त्या १० अंश वाकवाव्या लागतात, नव्यांनी ५ अंशच पुरतात. बोट पाण्याशी ४ अंशांचा कोन करून धावते आहे असं धरलं, तर अडथळा जुन्या पट्ट्यांनी साधारण साडेचौदा किलोंच्या जोराएवढा येतो आणि नव्यांनी साडेनऊ. काम तेच, अडथळा एक-तृतीयांशाने कमी. पाण्याला ब्रेक लावतो तो पट्टीचा आकार नव्हे, पट्टीचा कोन. मोठी पट्टी थोडीशी वाकवून जे साधतं, त्यासाठी लहान पट्टी उभी करावी लागते, आणि उभी पट्टी पाण्यात खरोखरच फावड्यासारखी ओढली जाते.

दुसरी गोष्ट वेगाच्या वर्गाची. १५ नॉटला १०० किलो उचलणारी जुनी जोडी १० नॉटला त्याच कोनात फक्त ४४ किलो उचलते. आणि मदतीची गरज तर या कमी वेगातच असते, चढ ओलांडताना. भरधाव बोटीला टॅब फारसे लागतच नाहीत. दादा पट्ट्या पूर्ण दाबत होता आणि काही होत नव्हतं, त्याचं कारण हेच. वेग कमी, क्षेत्रफळ अपुरं, आणि कोन वाढवून मिळणारा फायदा अडथळ्यात वाहून जात होता.

हे गणित मी दादाला फोनवर नाही, जेटीवर पाण्यात हात घालून समजावलं. चालत्या बोटीच्या कडेने तळहात पाण्यात आडवा धरायचा. बोटं जुळवून किंचित वाकवली तर हात वर उचलला जातो. एकच बोट घालून ते बरंच वाकवलं तर हात मागे खेचला जातो. “कळलं,” तो म्हणाला, “पण हात भिजवायला मला इंजिनियर कशाला हवा होता?”

टॅबचं माप ठरवताना निर्मात्यांच्या पुस्तिकांत एक ठोकताळा सापडतो. बोटीच्या लांबीच्या प्रत्येक फुटामागे, प्रत्येक बाजूला एक इंच रुंदी. २४ फुटी बोटीला २४ इंच. दादाच्या बोटीला याच्या निम्मं माप होतं. पाठ जड असेल किंवा बोट बहुतेक वेळ कमी वेगात चालवायची असेल तर या ठोकताळ्यापेक्षा मोठ्याकडे झुकावं, बोट हलकी आणि वेगवान असेल तर थोडं लहान चालतं. रुंदी वाढवायला जागाच नसेल तर लांबी वाढवतात, ९ ऐवजी १२ इंच. पण जागा असेल तर रुंदीच वाढवावी. रुंद पट्टी तळाखालचं जास्त पाणी पकडते, आणि उचल नुसत्या पट्टीवर येत नाही, तिच्या पुढच्या तळाखालीही पाण्याचा दाब वाढतो. पट्टी जितकी रुंद, तितका तळाचा मोठा भाग या कामाला लागतो.

मग मोजपट्टी घेऊन बसलो. बाहेरच्या बाजूला तळाच्या कडेपासून तीन-चार इंच आत यावं लागतं, नाहीतर वळताना पट्टी पाण्याबाहेर डोकावते आणि बोट ओढ खाते. आतल्या बाजूला इंजिनाच्या मध्यापासून आठेक इंच मोकळे हवेत, नाहीतर पंख्याला मिळणारं पाणी गढूळ, फेसाळ होतं. आमच्या बोटीचा तळ मागे सुमारे सात फूट, म्हणजे अर्धी बाजू ४२ इंच. त्यातून ४ आणि ८ वजा केले तर ३० उरतात. २४ इंची पट्टी बसते. फक्त खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर नेमका उजव्या पट्टीच्या जागी होता, तो आत सरकवावा लागला.

इतर पर्यायही पाहिले. इंजिनाच्या पंख्याच्या वर असलेल्या आडव्या पत्र्याला लावायचे प्लास्टिकचे पंख मिळतात, स्वस्त असतात आणि नाळ थोडी खाली आणतात. पण ते इंजिनाला जोडलेले, त्यामुळे बोट एका बाजूला कलली तर त्यांचा उपयोग शून्य. गॅसच्या स्प्रिंगवर आपोआप हलणारे टॅबही असतात. लहान, एकाच प्रकारच्या कामाच्या बोटीला ते पुरेत, पण चालवणाऱ्याला हवं तसं डावं-उजवं करता येत नाही. इंटरसेप्टर नावाचा नवा प्रकार आहे, त्यात पट्टी वाकत नाही, एक पातं थोडंसं सरळ खाली उतरतं. उत्तम काम करतात म्हणे. दादाच्या खिशाला परवडणाऱ्यांत ते नव्हते.

एक पैसाही खर्च करण्याआधी आम्ही एक काम केलं, आणि ते प्रत्येकाने करावं असं माझं मत आहे. दोन्ही बॅटऱ्या आणि नांगराची साखळी पुढे नेली. फरक पडला. पुरेसा नाही, पण पडला. वजन चुकीच्या जागी ठेवून ते टॅबने उचलत बसणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चालवणं.

टॅब बसवण्याचा भाग वाचायला रटाळ आहे, पण बोट बुडते ती बहुधा अशाच रटाळ भागात. मागच्या फळीत पाण्याच्या पातळीखाली भोकं पाडायची असतात. फायबरच्या पुष्कळ बोटींत या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. बाहेरून सगळं चकाचक दिसतं आणि आत लाकूड भिजून कुजलेलं असतं. हातोडीच्या दांड्याने टकटक करत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर थांबायचं. आमच्या जुन्या टॅबच्या चार स्क्रूंच्या भोकांतून ओलसर काळा भुसा निघाला. कोणीतरी कधीकाळी सीलंट न भरताच स्क्रू पिळले होते. नशिबाने कुज तेवढ्यापुरतीच होती. ती जागा कोरून, सुकवून, घट्ट इपॉक्सीने भरली आणि मग नवी भोकं त्याच इपॉक्सीत पाडली, म्हणजे स्क्रूला लाकूड लागतच नाही. सुकवायलाच चार दिवस गेले. मोसमातले चार दिवस म्हणजे दादाच्या दृष्टीने काय, ते सांगायला नको. तो दर दोन तासांनी येऊन बोट लावून बघत होता.

बिजागरी तळाच्या कडेपासून साधारण पाव इंच वर बसवली. कडेच्या खाली आली तर पट्टी वर घेतली असतानाही पाणी तिच्यावर आदळत राहतं. फार वर गेली तर तळाचं पाणी पट्टीपर्यंत नीट पोचत नाही.

चाचणीला काकांची पोती कामाला आली. प्रवाशांच्या जागी बाकांवर पोती ठेवली, म्हणजे वजन प्रत्येक वेळी तेच. भरती-ओहोटीच्या मधल्या, पाणी थांबलेल्या वेळी निघालो आणि प्रत्येक फेरी दोन्ही दिशांना केली, म्हणजे उरलासुरला प्रवाहही वजा होतो. पूर्वी बोट १५ नॉटच्या खाली आली की बसायची. आता ती १२ नॉटलाही पाण्यावर टिकून राहिली. चढायला लागणारा वेळ जवळपास निम्म्यावर आला. सगळ्यात वरचा वेग होता तेवढाच राहिला, आणि तो वाढावा अशी अपेक्षाही नव्हती. पेट्रोलचा हिशेब दादा वहीत ठेवतो आणि फरक आहे म्हणतो. पण प्रवासी रोज वेगळे, वारा वेगळा, म्हणून तो आकडा मी इथे छापत नाही.

खरा आकडा वेगळाच आहे आणि तो मोजपट्टीने काढला. दादा स्टिअरिंगवर उभा राहिला आणि मी पुढे पाण्यात सोडलेल्या तरंगत्या बोयाकडे बोट नेत असताना तो नाळेआड किती सेकंद लपतो ते बघितलं. जुन्या पट्ट्यांनी, वेग घेताना, बोया दिसेनासा व्हायचा आणि बराच वेळ दिसायचा नाही. नव्यांनी, निघण्याआधीच पट्ट्या अर्ध्या खाली घेतल्या, तर तो क्षणभर झाकला गेला इतकंच. त्या म्हाताऱ्याची होडी बोयापेक्षा कितीतरी मोठी होती.

आता वापराविषयी, कारण मोठ्या टॅबमुळे बोट चालवणाऱ्याची जबाबदारी वाढते. मांडवीतून सकाळी बाहेर पडताना लाटा समोरून असतील तर नाळ थोडी खाली घ्यावी. बोटीचा तळ पुढे धारदार आणि मागे चपटा असतो, ती धार लाटेत गेली की आपटणं कमी होतं आणि मागच्या बाकावरच्या माणसाचा मणका दुवा देतो. दुपारी आग्वादहून परत नदीत शिरताना याच्या बरोबर उलट. लाटा आणि वारा मागून असतात. तेव्हा दोन्ही पट्ट्या पूर्ण वर. नाळ खाली दाबलेली राहिली तर ती पुढच्या लाटेत घुसते, तिथे अडते, आणि मागची लाट पाठीला ढकलून बोट आडवी फिरवते. लहान टॅबने ही चूक कदाचित खपून जाते, मोठ्याने नाही. दादाने डॅशबोर्डवर रंगाने लिहूनच ठेवलं आहे, ‘घरा येतना वयर’.

आग्वादकडून उत्तरेला कांदोळीच्या दिशेने जाताना वारा डावीकडून लागतो आणि गंमत अशी की बोट वाऱ्यापासून दूर न कलता वाऱ्याकडेच कलते, कारण चालवणारा दिशा धरून ठेवण्यासाठी नकळत वाऱ्याकडे वळवत असतो. तेव्हा डावी पट्टी खाली घेतली की डावी पाठ उचलली जाते आणि बोट सरळ होते. स्विचवर मात्र हे उलटं लिहिलेलं वाटतं. बहुतेक स्विच नाळेच्या हिशेबाने जोडलेले असतात. उजव्या बाजूचं ‘नाळ खाली’ बटण दाबलं की हलते ती डावी पट्टी. पट्टीचा विचारच करायचा नाही, नाळेचा कुठला कोपरा खाली हवा तेवढंच बघायचं. दादाला हे समजावायला लागलं नाही, त्याने पहिल्याच दिवशी हाताने ओळखलं. मला आकृती काढावी लागली.

एका गोष्टीबद्दल गैरसमज नको. डॉल्फिन दिसला की सगळे प्रवासी एका बाजूला धावतात आणि बोट कलते. टॅब मोठे आहेत म्हणून ती सरळ होईल असं कोणी समजू नये. उचल वेगाच्या वर्गावर आहे, आणि डॉल्फिनपाशी बोट जवळपास थांबलेली असते. शून्याचा वर्ग शून्यच. तिथे कामी येतं ते दादाचं ओरडणं आणि प्रत्येकाच्या अंगावरचं लाइफ जॅकेट.

रिव्हर्स घेताना पट्ट्या वर असाव्यात, नाहीतर पाण्याचा सगळा जोर पट्टीच्या पाठीवर आणि दांड्यावर येतो. वाळूवर बोट लावतानाही वर. २४ इंची पट्टी वाळूत रुतून वाकली तर सरळ करणं लोहाराचं काम नव्हे. जेटीवर उभी असतानाही वर, म्हणजे दांडा आत राहतो आणि त्यावर बार्नकल धरत नाहीत. स्टील चांगलं असलं तरी खाऱ्या पाण्यात आजूबाजूच्या दुसऱ्या धातूंमुळे ते खाल्लं जातं, म्हणून पट्टीवर जस्ताचा तुकडा लावतात. तो पट्टीच्या ऐवजी स्वतः झिजतो. निम्मा झिजला की बदलायचा.

मोठ्या इंजिनासाठीचं कर्ज दादाने घेतलं नाही. टॅबचा, इपॉक्सीचा आणि मजुरीचा मिळून खर्च त्या इंजिनाच्या मानाने किरकोळ होता. काका अजूनही पोत्यांच्याच बाजूचे आहेत. बोट पावसाळ्यासाठी वर काढली तेव्हा ते खाली वाकून पट्ट्यांकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी हातोडीचा दांडा मागून घेतला, मागची फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकून पाहिली, आणि उजव्या बिजागरीच्या बाहेरच्या स्क्रूपाशी थांबून दादाला म्हणाले, “हांगा पळय.” आवाज खणखणीतच होता, पण स्क्रू अर्धा पिळ सैल झाला होता. आता तो काढून, भोक पुन्हा भरून, जस्ताचे दोन्ही तुकडे बदलून ठेवायचे आहेत. मोसम सुरू व्हायला अवकाश आहे.